दुसऱ्या मजल्यावरची धूळ

प्रस्तुत व्यक्ती: स्त्री, वय बावन्न, हंगामी सफाई कामगार, गेली सतरा वर्षे हंगामी. नेमून दिलेले क्षेत्र: दुसरा मजला व तेथील खिडक्या. कामाचे स्वरूप: धूळ काढणे. सचोटी: संशयातीत. दोष: एका कुंडीवरची धूळ काढत नाही.

कुंडी पश्चिमेच्या खिडकीत होती. बदली होऊन गेलेल्या कुणीतरी फेकलेल्या झाडाचं एक पान मावशींनी उचललं, तीन दिवस सुकवलं आणि कोरड्या मातीवर नुसतं टेकवून ठेवलं. सहा वर्षांत त्याचं बुटकं, जाड पानांचं, कमळासारखं उमललेलं लेकुरवाळं झाड झालं. पिल्लं कुंडीच्या काठावरून खाली उतरू लागली. पाणी पंधरवड्यातून एकदा, तेही मुळाशी. घरी दोन सुना होत्या. पण मावशींच्या शब्दात राहणारं हे एवढंच.

पानांवर पांढुरकी भुकटी असे. मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून हेडक्लार्क भाऊसाहेब जिथंतिथं बोट फिरवून बघत होते. ते कुंडीवरही फिरलं. पानावर हिरवी रेघ उमटली.

“मावशी, ही धूळ?”

“धूळ नाही भाऊसाहेब. द्राक्षावर असतो ना, तसला थर. उन्हापासून राखतो. पुसला की परत येत नाही.”

“द्राक्षं आम्ही धुऊनच खातो.”

“हे कुठं खायचंय?”

सगळे हसले, आणि तिथंच माशी शिंकली. चारचौघांतलं हसणं भाऊसाहेब पोटात घालणाऱ्यांतले नव्हते. मावशींच्या मुदतवाढीचा कागद त्यांच्याच टेबलावर सहीवाचून पडला होता. तो त्यांनी उचलला, वाचल्यासारखं केलं, परत ठेवला.

“तुम्ही पुसता, की दुसऱ्या कुणाला सांगू?”

दुसऱ्या कुणी पुसलं असतं तर पिल्लं मोडली असती. मावशींनीच ओलं फडकं घेतलं आणि पान न् पान पुसलं, तान्ह्याला न्हाऊ घालावं तसं. झाड असं चकाकलं की टायपिस्टबाई म्हणाल्या, “अगोबाई, अगदी प्लास्टिकचं वाटतंय हो!”

तपासणी झाली. मावशींना मुदतवाढ मिळाली, सहा महिन्यांची. चौथ्या दुपारपर्यंत उन्हानं पानं करपली; पिल्लं आधी गेली.

अहवालात नोंद आहे: “दुसरा मजला व तेथील कुंडी यांची समक्ष पाहणी केली. स्वच्छता उल्लेखनीय.”

मोठे साहेब जिना चढलेच नव्हते.