रिकाम्या गावातला वाफाळता चहा

बोराला माणसांचं वावडं आहे, असं तिची बहीण म्हणायची. वावडं होतं ते फक्त फोटोतल्या माणसांचं. दिवसभर कोरियातल्या देजॉन शहरात एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे आणि घरी आलं की कॉम्प्युटरवरच्या ओस पडलेल्या ऑनलाइन खेळांच्या जगांत शिरून फोटो टिपायचे, हा तिचा दहा वर्षांचा क्रम. खेळाडू सोडून गेलेले बाजार, सताड उघडी घरं. बहिणीच्या मते हे नसते उद्योग होते. पण यंदा पहिलं प्रदर्शन भरलं आणि एका फोटोपुढून लोक हलेनात.

चांदणगाव नावाच्या खेळातलं अंगण, बाक, टेबलावर चहाचे दोन पेले, त्यांतून निघणारी वाफ. खाली नाव: 'कुणीच नाही'.

"कुणीच नाही, तर चहा गरम कसा?" एका बाईंनी विचारलं.

"यंत्राला माणसांची आठवण येते," बोरा म्हणाली. हे उत्तर तिनं घरून घोकून आणलं होतं.

तेवढ्यात संत्र्यांची पिशवी सांभाळत एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. "चहा मी ठेवला होता हो, कलाकारबाई. तुमच्यासाठी! पाच मिनिटांत वाफ जाते त्याची. मी प्यो तोक्सू. अंगण माझ्या बायकोनं मांडलेलं. ती गेली, मी रोज खेळात शिरून तिथं बसतो."

खेळातल्या त्या बाकावरचा पांढऱ्या केसांचा माणूस बोराला लख्ख आठवत होता. उठून, कमरेत वाकून त्यानं नमस्कार केला होता. 'हा कुठून कडमडला!' म्हणत तिनं माणसं आणि त्यांचं बोलणं पडद्यावरून घालवणारं बटण दाबलं होतं.

"मी दिसलो नाही का तुम्हाला?"

सगळे ऐकत होते. खरं सांगितलं, तर फोटोचं नाव खोटं ठरणार आणि आपणही.

"नाही हो, आजोबा." बोलता बोलताच तिला स्वतःची किळस आली.

"असू दे, माझंच चुकलं. एकेक अक्षर शोधत टाइप करतो मी. 'बसा, चहा घ्या' लिहून होईस्तोवर तुम्ही गेलात." त्यांनी संत्री तिच्या हातात दिली, चष्मा सरळ करून फोटोचं नाव वाचलं आणि तिच्याकडे वळून वाकले, त्या दिवशीसारखेच.

बोराही वाकली. वर मात्र तिला होता येईना.

"दिसला होतात, आजोबा," ती तशीच वाकून म्हणाली. "मीच पुसलं तुम्हाला."