चादरीची सुरकुती

परवा एका लॉजवर चादर गादीखाली इतकी ताणून खोचलेली होती, की खोलीत एकटा असूनही मला हसू फुटलं. आमची सुमाआत्याच आठवली. आयुष्यभर ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि राहायची आमच्याकडेच. पण घरी आली म्हणून तिची ड्यूटी काही संपत नसे. सगळ्यांची अंथरुणं तीच घालायची. कोपरे मुडपून अशी खोचायची, की पाहुणे पलंगाच्या कडेवर अवघडून बसत. माझे वडील, म्हणजे तिचा थोरला भाऊ, चादर विस्कटायला नको म्हणून दुपारी खुर्चीतच पेंगत.

वडील तापाने पडले, तेव्हा मात्र सुटका नव्हती. जरा डोळा लागला की आत्या हजर.

"दादा, जरा उठ."

"अगं, आत्ताच झोप लागली होती!"

"सुरकुतीवर कसली झोप लागते? पाठ सोलून निघेल."

त्यांना उठवून, चादर ताठ करून, ती पुन्हा झोपवायची. कुणाला गोंजारणं तिला कधी जमलं नाही. काही माणसांची माया अशीच असते, ताणून बसवलेली. तिच्यात नीट झोपता येत नाही आणि तिच्याविना तर मुळीच येत नाही.

आत्या गेली तेव्हा तिला बाहेरच्या खोलीत चादरीवर ठेवलं होतं. रडता रडता वडील एकदम थांबले. तिच्या पाठीखाली चादर गोळा झाली होती. त्यांनी वाकून कोपरा ओढून पाहिला. सुरकुती निघेना. मग तिच्या खांद्याला हात लावून तिच्याच नेहमीच्या सुरात म्हणाले,

"सुमे, जरा उठ."