सवतीच्या नावानं दस्त

माझ्या वडिलांना दोन बायका. थोरलीला मूल झालं नाही, म्हणून पलटणीतून रजेवर आले असताना त्यांनी माझ्या आईशी लग्न लावलं. पहिली नांदत असताना दुसरं लग्न कायद्याला मान्य नसतं, याचा आमच्या आष्ट्याकडच्या गावात कुणी विचारही केला नव्हता. एकोणीसशे सत्तरनंतर लवकरच वडील वारले, तेव्हा ते कळलं. मी अकरा वर्षांची होते.

वारसांची नोंद करायला आम्ही तिघी चावडीत गेलो. थोरल्या आईचं नाव लिहून तलाठी थांबला.

"दुसऱ्या लग्नाची बायको वारस होत नाही. तिची मुलगीही नाही."

तेव्हा कायदा तसाच होता. घरी येऊन आईनं माझे कपडे पिशवीत भरले. माहेरी जायचं म्हणाली.

तेवढ्यात चुलते आले. "वैनी, समदी जमीन आता तुमचीच. माझ्या पोराच्या नावानं करा. आमी तुमाला अंतर देनार न्हाई."

"बघू की," थोरली आई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. मी तिला नेहमी थोडी भ्यायचे. तिनं कधी मला जवळ घेतल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला एस.टी.नं इस्लामपूरला वकिलाकडं नेलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "जमीन तुमच्या मालकांनी स्वतः विकत घेतलेली. आता ती तुमची एकटीची. सवतीला द्यायची असेल तर मृत्युपत्र करा. तुमच्या माघारी तिला मिळेल, आणि मन बदललं तर रद्दही करता येईल."

"म्हंजे माझं मन बदलंल म्हनून हिनं रोज भ्यायचं व्हय?"

"मग हयातीतच बक्षीसपत्र करा. पण ते परत घेता येत नाही."

"तेच करा. निम्मी हिला. ऱ्हायलेली माझ्या माघारी ह्या पोरीला, त्याचं मृत्युपत्र लिवा."

तेव्हा कुठं आई बोलली. "आक्का, नगं. लोक म्हनतील, लुबाडलं."

"लोक भांगलायला येत्यात का? बारा वर्सं त्या रानात तू राबलीस."

दस्त नोंदवताना रजिस्ट्रारनं थोरलीला विचारलं, "कुणी जबरदस्ती केली का?"

"माझ्यावर? कुनाची टाप हाय!"

साहेबही हसले. घरी परतल्यावर आईनं पिशवीतले कपडे पुन्हा दांडीवर टाकले. चुलत्यांनी वर्षभर अबोला धरला. नंतर उसाच्या लागणीला आपणहून बैल घेऊन आले.

दस्त झाल्यावर काही आठवड्यांनी जमिनीच्या नोंदीसाठी चावडीतून बोलावणं आलं. तलाठ्यानं आईचं पूर्ण नाव पुकारलं. गावात तिला सगळे 'धाकटी'च म्हणायचे. ती बसूनच राहिली.

"ऊठ की गं," थोरल्या आईनं तिला कोपरानं ढोसलं, "तुलाच बोलवत्यात."

आई अंगठा उठवून आली आणि तशीच रानाकडं निघाली. त्या दिवशी विहिरीच्या पाण्याची पाळी आमची होती.