मुंगीएवढी अक्षरं

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि त्या भरात आमच्या हिंदी शाळेला संगणक मिळाले होते. मी शिकवायचे त्या वर्गातल्या एका मराठी पोट्टीचे हात थरथरायचे. तिला पेन्सिल धरवत नसे, पण एका बोटाने कळ दाबता यायची. म्हणून मी पुस्तकातले प्रश्न स्कॅन करून फॉर्म भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि प्रत्येकाखाली चौकट आखून दिली. त्यात थोडं लिहिलं की अक्षरं चौकटभर मोठी होत, जास्त लिहिलं की बारीक.

'नदी से हमें क्या मिलता है?' या प्रश्नावर ती थांबेचना. खारून नदीच्या घाटावर बापाच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता, तेव्हा आई पाण्यात पाय सोडून कशी बसून राहिली, ते सगळं तिने लिहिलं. मी शेजारी बसून वाचत होते. छापून आलं तेव्हा अक्षरं मुंगीएवढी झाली होती.

हिंदीच्या बाईंनी न वाचताच बरोबरची खूण केली. "इतना कौन पढ़ेगा? छोटा लिखने बोलो इसको."

माझं डोकं फिरलं. बाहेर आल्यावर पोरीला विचारलं, "तुले वाईट वाटलं का?"

"नहीं मैडम."

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न पुन्हा दिला आणि चौकट पानभर केली. तिने एकच शब्द लिहिला. दारातूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत, 'पानी'.