पट्टीनं आखलेली पायवाट

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मीही कचेरीत नवाच होतो. नकाशे काढायचं काम. देशभर लांब पल्ल्याच्या पायवाटा आखायच्या, लोकांनी किल्ल्यापासून किल्ल्यापर्यंत पायी हिंडावं, अशी योजना वरून आली. औसा ते कंधार हा तुकडा माझ्या टेबलावर पडला. मी नकाशावर पट्टी ठेवून एका दमात रेघ ओढली. मधल्या एका ओढ्याशी सुंदर अक्षरात 'विसावा' असंही लिहिलं.

साहेब म्हणाले, "छान. आता जरा चालून या."

साल दुष्काळाचं. पायात नवे बूट, गळ्यात होकायंत्र. दुसऱ्या दिवशी अकरालाच बाटली रिकामी आणि दोन्ही टाचांना फोड. विसाव्याशी पोचलो तर नुसती वाळू. त्या वाळूत झिरा खणून एक म्हातारी करवंटीनं घागर भरत होती.

"काय हुडकायलाव सायेब?"

"ओढा."

"त्याच्यातच उभारलाव की!"

माझं तोंड बघून तिनं घागर पुढं केली. मी घटाघटा प्यायलो, वर तोंडही धुतलं. मग घागरीचा तळ दिसला. तेवढ्या पाण्यासाठी ती पहाटेपासून बसली होती.

शरमेनं मी करवंटी मागून घेतली आणि पहिल्याच फटक्यात झिऱ्याची कड ढासळवली. पाणी गढूळ झालं.

"सरका. लिहायचं काम करता न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

पाणी निवळेपर्यंत बसलो. मी नकाशा दाखवला, जरा ऐटीतच. तिनं रेघेकडं पाहिलं. "हितनं कोण जातंय? पुढं निस्ता खडक हाय. जुनी वाट चिंचांच्या कडंनं जाती, बारवेपतूर. पर चिंचा तोडायलेत लोक, सरपणाला. सावली न्हाई ऱ्हायची."

घागर भरल्यावर ती मला चिंचांपर्यंत घेऊन गेली. कितीतरी झाडांच्या फांद्या छाटलेल्या होत्या. पुढं पायऱ्यांच्या बारवेत हिरवट का होईना, पाणी होतं. मी तिथंच रेघ खोडून जुन्या वाटेनं नवी ओढली.

कचेरीत साहेबांनी विचारलं, "ही वाकडी का झाली?" मी सगळं सांगितलं, तोंड धुतल्याचं तेवढं गाळलं. त्यांनी झाडांवर क्रमांक टाकायला मला परत पाठवलं. जेवणानंतर मी विसरून पुन्हा एकपासून सुरुवात केली. तरी आकडे पाहून लोकांना झाडं सरकारी वाटली आणि कुऱ्हाडी थांबल्या.

योजना मात्र नांदेडच्या हद्दीशी अडली. पायी चालणं कोणत्या खात्यात येतं, असं तिकडून पत्र आलं. आम्हालाही ते माहीत नव्हतं.

नोकरीतून सुटल्यावर बायकोला ती वाट दाखवायला नेलं. चिंचा डेरेदार झाल्या होत्या. म्हातारी कधीच गेली, असं गावात कळलं. बायकोनं सावलीत बसून सगळी हकिगत ऐकली, तोंड धुतल्याचीसुद्धा. मग उठत म्हणाली, "औशाची बस कुठून मिळते?"