ग्रहणाच्या लेखातली शेवटची चार वाक्यं

नाशकातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि गावातल्याच एका दैनिकात विज्ञानाच्या बातम्यांवर सदर लिहायचो. उडत्या तबकड्या, यंत्रमानव, चंद्रावरची माती, काहीही चालायचं. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "सर, मंगळावर माणसं आहेत की नाहीत, एकदाचं सांगून टाका." मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

१९८०च्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण होतं. मी लिहिलं की घाबरून घरात बसू नका, पुठ्ठ्याला टाचणीने बारीक भोक पाडा, त्याने ग्रहण पाहता येतं. पुढे चार वाक्यं होती. सूर्याकडे पाठ करून उभे राहा. भोकातून येणारा उजेड समोरच्या कागदावर पडू द्या. ग्रहण त्या कागदावर पाहा. भोकाला डोळा लावून सूर्याकडे मुळीच पाहू नका.

लेख ग्रहणाच्या दिवशी सकाळी छापून आला. मी तेव्हा चांदवडला बहिणीकडे होतो. तिच्या अंगणात पोराबाळांना कागदावरचं ग्रहण दाखवत होतो.

तीन दिवसांनी येवल्याचा एक पैठणी विणणारा माणूस शाळेत आला. पस्तिशीचा असेल. खिशातून त्याने पेपरचं कात्रण काढलं.

"गुरुजी, हे तुम्हीच लिहिलं ना? तुम्ही सांगितलं तसंच केलं म्या. पुठ्ठ्याला भोक पाडून लय वेळ बघितलं. आता उजव्या डोळ्यानं जिथं बघावं तिथंच काळा डाग दिसतो. धागा दिसत नाय."

मी कात्रण वाचलं. 'ग्रहण पाहता येतं' इथे लेख संपला होता. खाली, माझ्या चार वाक्यांच्या जागी, ग्रहणाचं राशिभविष्य होतं.

त्याला मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडदा भाजलाय, म्हणाले. डाग थोडा कमी होईल, पूर्ण जाईल असं नाही. तिथून त्याला एसटीत बसवलं आणि तडक पेपरच्या कचेरीत गेलो.

संपादकांनी कात्रण पाहिलं. "जागा नव्हती हो. लोक राशी आधी वाचतात."

"मग सगळा लेखच काढायचा होतात. अर्धा का छापलात?"

"तुम्ही तरी महत्त्वाचं शेवटी कशाला लिहिता?"

हे मात्र लागलं. ते खरंच होतं. पण त्या खरेपणाआड संपादक आरामात लपत होते, याचा मला जास्त संताप आला. मी म्हणालो, "उद्या पहिल्या पानावर चूक कबूल करा. अजून कुणाचा डोळा दुखत असेल, तर तो डॉक्टरकडे तरी जाईल."

"ग्रहण सुटलं, मास्तर. आता कोण वाचणार?"

छापलं नाहीच. मी सदर बंद केलं. शाळेसमोरच्या फळ्यावर ती चार वाक्यं आठवडाभर लिहून ठेवली. वाचून दोघं-तिघं डोळे तपासायला गेले, एवढंच.

पावसाळ्यात येवल्याला गेलो. त्याचा डाग फिका झाला होता, गेला नव्हता. पदरावरचे मोर आता त्याची बायको विणत होती, तो साडीचं बिननक्षीचं साधं अंग विणायचा. मी माफी मागितली, तर म्हणाला, "तुमची काय चूक? पेपरात आलं म्हंजे खरंच असणार, असं वाटलं." त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोनेक वर्षांनी सगळे ग्रह एका बाजूला येणार आणि पृथ्वी बुडणार, अशी आवई उठली. संपादकांचा निरोप आला, काहीतरी लिहा. मी कचेरीत गेलो आणि एकही ओळ कापणार नाही असं लिहून मागितलं.

ते हसले. "अजून तेच धरून बसलात?"

"हो," म्हणालो आणि जिना उतरलो. त्यांनी लेख दुसऱ्याकडून लिहून घेतला. मी तो वाचला नाही.