मशीन नादुरुस्त आहे

माझा डंक सात वर्षांत एकदाच बिघडला. पट्टा झिजला होता, तो मी अर्ध्या तासात बदलला. तरी पनवेलात आमच्या भागातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की त्या बाईचं मशीन दर महिन्याला बंद पडतं. ही बदनामी माझी मीच केली होती, स्वतःच्या हाताने, खडूने पाटीवर लिहून. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

डंक म्हणजे मसाला कुटायचं मशीन. लोखंडी मुसळं उखळीत धाडधाड आपटतात आणि भाजलेल्या मिरच्यांची पूड होते. दोन हजारचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बाजारामागच्या गल्लीत एक गाळा भाड्याने घेतला आणि डंक टाकला. नवरा जासईला कंटेनर यार्डात कामाला, त्याच्या शिफ्टा सांभाळून धंदा माझा मलाच करायचा होता. पण मशीन विकणाऱ्या माणसाने ते कसं चालवायचं हे सगळं नवऱ्याला समजावून सांगितलं. माझ्या नवऱ्याला घरातला फ्यूज बदलता येत नाही. तो बिचारा मान डोलवत होता आणि मी मागे उभी राहून वहीत लिहून घेत होते. मीटर बसवायला आलेला वायरमन दोनदा ‘शेठ आले की येतो’ म्हणून परत गेला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, “शेठ मीच आहे, चढा शिडीवर.” तो हसला, पण चढला नाही. शेवटी नवऱ्याने रजा काढली आणि दिवसभर नुसता दारात उभा राहिला. मग मीटर बसलं.

हे सगळं मी गिळलं. म्हटलं, बाई मशीनवर बसलेली लोकांनी पाहिली नाही, पाहतील, सवय होईल. आणि गिऱ्हाईक तर सगळं बायकांचंच होतं. तिथे तरी मला त्रास नव्हता, असं मी समजत होते.

मसाल्याचा हंगाम होळीनंतर सुरू होतो आणि पाऊस लागायच्या आत संपतो. वर्षभराचा मसाला त्या दोन-अडीच महिन्यांत होतो. आमच्याकडे गावागावांतून, पार उरण-करंजाहून बायका यायच्या. भाजलेल्या मिरच्या, धणे, खडा मसाला बांधून आणायच्या आणि आपला माल आपल्या डोळ्यांदेखत कुटून घ्यायच्या. शिंका, ठसके, नाकाला पदर, आणि त्यातच कुणाच्या सुनेचं काय चाललंय त्याची चर्चा. मला फार आवडायचं ते. पण आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “बाय, बरं हाय ना?”

मला वाटायचं, किती आपुलकीने विचारतात. एका सकाळी मी खरंच सांगितलं, “नाही हो, कंबर दुखतेय.” समोरच्या बाईने उखळीजवळ ठेवलेलं गाठोडं उचललं आणि चालती झाली.

घरी सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. “येडी काय तू? बाजूला तर नाय बसलीस, ते इचारतात त्या. वर्साचा मसाला हाय त्यांचा. इटाल झाला आन् मसाल्याला बुरशी लागली, तर तुज्यावरच बिल फाटंल.”

माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या. मुलांना शाळेत सोडणं-आणणं, स्वयंपाक, सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं, म्हणून तर मी गाळ्यावर बसू शकत होते. पण या एका बाबतीत त्या हटेनात. तोडगाही त्यांनीच काढला, ते चार दिवस गाळा बंद ठेवायचा आणि बाहेर ‘मशीन नादुरुस्त आहे’ अशी पाटी लावायची. नवरा म्हणाला, “चार दिवसांचा तर प्रश्न आहे.” यार्डात त्याला महिन्यातून चार दिवस कुणी गेटबाहेर बसवलं असतं तर तो असं म्हणाला असता का, हे मी त्याला विचारलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

मी पाटी लावली. ही माझी चूक. तेव्हा भांडायला हवं होतं, पण धंदा नवा होता आणि मला भीती वाटत होती.

पहिल्या हंगामात तीनदा पाटी लागली. दुसऱ्या हंगामात गिऱ्हाईक कमी झालं. का ते मला भाजीबाजारात कळलं. पुढे चालणाऱ्या दोघीजणी बोलत होत्या, “तिच्याकडं नको नेऊस, सारखं बंद असतं. बाईमाणसाला मशीनमधलं काय कळणार!” मी हातात मेथीची जुडी धरून उभी. दर आठवड्याला ग्रीस मी घालायची, बोल्ट मी आवळायची, मुसळं घासून पुसून मी ठेवायची. ओरडून सांगावंसं वाटलं की मशीन ठणठणीत आहे. पण मग पाटी कशाची, हेही सांगावं लागलं असतं.

सगळ्यात जास्त चीड गल्लीच्या टोकाच्या डंकाची यायची. तो एका गृहस्थांचा, जुना. त्यांचं मशीन खरोखर बंद पडायचं, आठवड्याला एकदा तरी. ते शिव्या घालत पाना घेऊन आत शिरायचे आणि बायका बाहेर चहा पीत तासन् तास थांबायच्या. त्यांना कुणी कधी ‘बरं हाय ना’ विचारलं नाही. आणि त्यांच्याकडे मसाला चाळायचा कोण? त्यांची बायको. पडद्यामागे बसून, महिन्याचे तीसच्या तीस दिवस. मी तिला एकदा नळावर हळूच विचारलं होतं. ती हसून म्हणाली, “मला कोन इचारतंय? मी कुनाला दिसते?”

त्याच हंगामाच्या शेवटी, आभाळ भरून यायला लागलं होतं तेव्हा, करंजाची एक बाई आली. बंदरावर मासळीच्या लिलावात पुरुषांचा आवाज खाली बसवणारी बाई. दोन्ही वर्षं ती माझ्याकडेच आली होती, शेजारणींचाही मसाला आणायची. त्या दिवशी पाटी लावून मी आत मशीन पुसत होते. दार अर्धं उघडं होतं. तिने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय बिगाडलंय?”

मी मुसळावर फडकं फिरवत राहिले.

“पहाटे उठून भाजलंय सगलं. आज कुटलं नाय तर सादलंल. सांग ना, काय बिगाडलंय?”

तिच्यासमोर खोटं बोलवेना. मला वाटलं, हिला तरी कळेल. “मशीन नाही बिघडलं,” मी म्हणाले. “मी बाजूला बसलेय. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता चालू करते.”

तिने पदराने कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाली, “आमी काय चार दिस मासली इकायची बंद करतो? नाय करत.” माझा हात बटणाकडे गेलाच होता. “पन मसाला वर्साचा हाय गो,” ती म्हणाली आणि गाठोड्याला हात घातला. ते जड होतं. मी उचलायला पुढे झाले तर म्हणाली, “राहू दे, तू नको हात लावू.”

ती गल्लीच्या टोकाला गेली. माझ्या जिभेवर एक वाक्य होतं. पडद्यामागे चाळणारी आज कशी आहे ते तिला विचारा, एवढंच. मी ते बोलले असते तर त्यांचाही धंदा बसला असता. पण मार त्या चाळणीवालीला पडला असता, गृहस्थांना नाही. मी गप्प बसले. थोड्या वेळाने तिकडचा डंक सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी गाळ्यात एकटी बसून रडले. रागाने रडले, दुसरं काही नव्हतं ते.

रडून झाल्यावर पाटी काढली. दुसऱ्या दिवशी गाळा उघडला. पहिल्या बाईने विचारलं, “बरं हाय ना?” मी म्हटलं, “एकदम बरं.” तेव्हापासून हंगामात मी एकही दिवस सुट्टी घेतली नाही आणि रोज तेच उत्तर दिलं. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. कुणाच्याही मसाल्याला बुरशी लागली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक परत यायला लागलं. करंजावालीही आली. दारात थांबून तिने नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं. तो माझा दुसरा दिवस होता. तिने गाठोडं सोडलं, मशीनकडे पाहिलं आणि खुशीत म्हणाली, “आता बंद नाय पडत म्हनतात. कोन चांगला मिस्त्री गावला वाटतं?”

“गावला एक,” मी म्हटलं आणि बटण दाबलं.